सकाळच्या चहाबरोबर मूठभर गोळ्या

श्रावणातली गोष्ट. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मावशींनी माझ्या काउंटरवर तीन रिपोर्ट ओळीनं मांडले. तिन्ही टीएसएचचे, म्हणजे थायरॉईडचं काम कसं चाललंय ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचे. थायरॉईड कमी पडलं की हा आकडा वाढतो. सात महिन्यांत त्यांची गोळी 50 मायक्रोग्रॅमवरून 75 वर आणि 75 वरून 100 वर गेली होती, पण आकडा दहाच्या खाली यायचं नाव घेत नव्हता. "गोळी डुप्लिकेट हाय काय बघ की बाई," मावशी म्हणाल्या. "एक दिस चुकवली न्हाई मी. रोज सकाळी घेतो." (आमच्याकडे बायकाही 'घेतो'च म्हणतात.)

गोळी अस्सल होती. कशी घेता म्हणून विचारलं, तेव्हा मावशींनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली, हाडांसाठी दिलेल्या कॅल्शियमची स्ट्रिप आणि रक्तवाढीच्या लाल गोळ्या. "ह्यो डबा चुलीजवळच असतोय. चहासंगट तिन्ही एकदम टाकायच्या. पोटात जाऊन एकच होतंय न्हवं?"

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या मेडिकलमध्ये हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. तो अडाणी प्रश्न मुळीच नाही. शिकलेली, पगारदार माणसंही तसंच धरून चालतात. म्हणून पोटात गेल्यावर गोळ्यांचं नेमकं काय होतं, ते इथे सुरुवातीपासून सांगते.

गिळलेली गोळी अजून अंगणातच असते

तोंडापासून खाली जाणारी आपली अन्नाची वाट ही एक लांबलचक नळी आहे. गोळी गिळली की ती या नळीत येते, पण रक्तात आलेली नसते. पाहुणा फाटक उघडून अंगणात आला, उंबरा अजून ओलांडायचाय, तशी ती स्थिती. उंबरा म्हणजे आतड्याची भिंत. गोळी जठरात फुटते, विरघळते, मग सुमारे 6 मीटर लांबीच्या लहान आतड्यात उतरते आणि तिथल्या भिंतीतून औषध रक्तात शिरतं. या शिरण्याला शोषण म्हणतात. जे शोषलं गेलं नाही ते शौचावाटे निघून जातं, मग गोळीवर किती का मिलिग्रॅम लिहिलेलं असेना.

एका औषधामुळे दुसऱ्याच्या कामात फरक पडला, तर त्याला औषधांची आंतरक्रिया म्हणतात. यकृतात, मूत्रपिंडात, कुठेही ती होऊ शकते. इथे मी उंबऱ्यावर होणाऱ्या आंतरक्रियेपुरतंच बोलणार आहे, कारण ती टाळणं बऱ्याचदा आपल्या हातात असतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

लोखंडी विळी आणि कोरा चहा

कच्चं केळं किंवा केळफूल लोखंडी विळीवर चिरलं की विळी काळी पडते, हे आपल्याकडे कुणालाही ठाऊक आहे. केळ्यातला तुरट पदार्थ लोखंडाला चिकटतो आणि काळा डाग तयार होतो. हिरड्यात लोखंड घालून पूर्वी शाई करत, तीही याच गुणावर. तो तुरट पदार्थ, टॅनिन, चहातही भरपूर असतो.

मावशींना मी हे तोंडी सांगत बसले नाही. शेजारच्या हॉटेलातून कोरा चहा मागवला, त्यांच्या डब्यातली एक लाल गोळी कुटून ग्लासात टाकली आणि ढवळलं. तांबूस चहा बघता बघता दौतीतल्या शाईसारखा झाला. मावशी ग्लास उजेडात धरून बराच वेळ बघत राहिल्या. "म्हंजे लोखंड चहानंच खाल्लं की माझं."

खाल्लं असं नाही, बांधून टाकलं. लोह टॅनिनला चिकटलं की त्याची मोळी होते आणि ती मोळी आतड्याच्या उंबऱ्यातून आत जात नाही. उलट लिंबू किंवा आवळ्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. म्हणून रक्ताच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी नको, आणि लिंबूपाणी चालत असेल तर त्याबरोबर घ्या.

अशी मोळी फक्त चहाच बांधतो असं नाही. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त ही सगळी खनिजं ठरावीक औषधांना अशीच धरून बसतात. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम कुठून येणार, असं वाटेल. ॲसिडिटीवर आपण पितो त्या गुलाबी-पांढऱ्या पातळ औषधात हीच दोन असतात.

थायरॉईडची गोळी इतकी नाजूक का?

या गोळीत औषध असतं लिव्होथायरॉक्सिन, तेही मायक्रोग्रॅममध्ये. 100 मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. त्याच्याबरोबर पोटात उतरते ती कॅल्शियमची गोळी 500 मिलिग्रॅमची. कणभर औषध आणि मूठभर चुना, अशी ती गाठ आहे. रिकाम्या पोटीसुद्धा लिव्होथायरॉक्सिन सगळंच्या सगळं शोषलं जात नाही, साधारण 40 ते 80 टक्के जातं. त्यात कॅल्शियम, लोह आणि चहा असे तिघं वाटेत उभे राहिले, तर उरतं किती?

मावशींचा डोस वाढत होता आणि वाढलेलं औषध मोळीत बांधलं जाऊन बाहेर पडत होतं. डॉक्टरांना दिसत होता फक्त न उतरणारा आकडा, म्हणून ते आणखी वाढवत होते. चुलीजवळचा डबा त्यांना कुणी दाखवलाच नव्हता.

थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर साध्या पाण्याबरोबर घ्यावी, त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नये आणि लोह किंवा कॅल्शियम घ्यायचं तर मध्ये किमान चार तास जाऊ द्यावेत. चारच का? भरलेलं जठर रिकामं व्हायला तीन-चार तास लागतात. तेवढ्या वेळात पहिली गोळी आतड्यातून रक्तात गेलेली असते आणि दुसरीची वाट मोकळी होते.

"डॉक्टरांनीच लिहून दिल्यात की सगळ्या!"

हो, आणि तिन्ही गरजेच्याच होत्या. पण आपल्या भागात एक गोष्ट वेगळी घडते. मावशींची थायरॉईडची चिठ्ठी बेळगावची, गुडघ्यासाठी कॅल्शियम लिहिलं ते मिरजेच्या डॉक्टरांनी आणि लाल गोळ्या दिल्या गावातल्या आरोग्य केंद्रानं. निपाणी-चिक्कोडीकडची माणसं कोल्हापूर गाठतात, अथणीची मिरज-सांगली, खानापूरची काहीजण घाट उतरून गोव्यात जातात. राज्याची हद्द चिठ्ठीला आड येत नाही, पण एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्यापर्यंत आपोआप पोचतही नाही. तिन्ही चिठ्ठ्या पहिल्यांदा एकमेकींना भेटतात त्या रुग्णाच्या पोटात.

त्यात भाषा. चिठ्ठी इंग्रजीत, स्ट्रिपवरचं नाव इंग्रजीत, मेडिकलवाला सांगतो "खाली होट्टे" किंवा "ऊट आद मेले", आणि घेणारी आजी मराठी. 'खाली होट्टे' म्हणजे रिकाम्या पोटी आणि 'ऊट आद मेले' म्हणजे जेवणानंतर, हे बेळगावच्या माणसाला कळतं. मुलाबरोबर मुंबईला राहून परत आलेल्या आजीला कळेलच असं नाही. मी स्वतः पाकिटावर सूर्य, ताट आणि चंद्र काढून देते. बोलणं दुकानाच्या पायरीवरच विसरलं जातं, चित्र घरापर्यंत जातं.

आणि सगळ्यांना कळणारी एकच लिपी आहे ती 1-0-1. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ती सुटसुटीत आहे, पण अपुरी आहे. दिवसातून किती वेळा ते ती सांगते, कुणाबरोबर घ्यायचं नाही ते सांगत नाही. तिन्ही चिठ्ठ्यांवरचा पहिला '1' सकाळच्या त्याच एका कपावर येऊन पडतो.

गरोदर बायांच्या बाबतीत हे मला फार लागतं. सरकारी कार्यक्रमात त्यांना 60 मिलिग्रॅम लोहाची लाल गोळी 180 दिवस रोज मिळते आणि चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमची 500 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. दोन्ही एकाच वेळी घ्यायच्या नाहीत, मध्ये निदान दोन तास हवेत, असं मार्गदर्शक सूचनांतच आहे. आशाताई सांगतातही. पण घरात दहा माणसांचं करणारी सून तिन्हीसांजेला आठवेल तेव्हा जे हाताला लागेल ते एकदम गिळते. मग सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन वाढलं नाही की बोलणी तिलाच बसतात, गोळ्या खात नसणार म्हणून. ती खात असते.

"दुधासंगट घेतली की गोळी गरम पडत नाही ना?"

गोळी गरम पडते ही समजूत आपल्याकडे पक्की आहे आणि तिला थोडा आधारही आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या रिकाम्या पोटी जठराला त्रास देतात, त्या जेवणानंतरच घ्याव्यात. पण म्हणून प्रत्येक गोळी दुधाबरोबर घेतली तर घोटाळा होतो.

उन्हाळी लागण्याचंच बघा. लघवीला जळजळ सुरू झाली, तपासणीत जंतुसंसर्ग निघाला, डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं. अंगात उष्णता आहे म्हणून घरात ताकाचा तांब्या भरून ठेवलेला आणि गोळीही त्याच ताकाबरोबर. ताकातलं कॅल्शियम सिप्रोफ्लॉक्सासिनला धरतं आणि रक्तात जायला हवं त्यापेक्षा कमी औषध जातं. जळजळ थोडी कमी होते, पुन्हा वाढते, पुन्हा दुसरी गोळी. अर्धवट मार बसलेले जंतू औषधाला सरावतात, हे त्यातलं सर्वांत मोठं नुकसान आहे आणि ते एका घरापुरतं राहत नाही.

ताक सोडायची गरज नाही. गोळी पाण्याबरोबर घ्या आणि ताक दोन-तीन तासांनी प्या. ॲसिडिटीचं पातळ औषध, लोह किंवा कॅल्शियम चालू असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायचं असतं. भातशेतीत काम करणाऱ्यांना लेप्टोच्या तापात दिली जाणारी डॉक्सिसायक्लिनही लोहाबरोबर अशीच अडकते.

चिंच नसेल तर हंडा उजळत नाही

तांब्याचा हंडा नुसत्या पाण्यानं कितीही घासा, चिंच लावल्याशिवाय उजळत नाही. काही औषधांना विरघळण्यासाठी जठरातला आंबटपणा असाच लागतो. आंबटपणा कमी केला की ती न विरघळताच पुढे सरकतात.

मला हे सगळ्यात जास्त दिसतं ते नायट्याच्या रुग्णांत. पावसाळाभर ओल्या कपड्यात शेतात राबलेल्या माणसाला जांघेत, कमरेवर नायटा होतो. डॉक्टर इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल देतात. त्यांची नेहमीची कॅप्सूल जेवणानंतर आणि आंबट जठरात नीट शोषली जाते. पण हाच माणूस रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेत असतो, ज्याचं कामच आंबटपणा बंद करणं आहे. ती कुणी लिहून दिली, कधीपासून चालू आहे, त्याला आठवत नाही. 'गॅसची गोळी' म्हणून ती औषधात धरतही नाहीत. मग महिनाभर महागड्या कॅप्सूल खाऊन नायटा जिथल्या तिथे. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषध चालू आहे?" तर उत्तर मिळतं, "काही नाही."

गॅसची गोळी हेही औषधच आहे. ती वर्षानुवर्षं घेतल्यानं लोह आणि बी-12 चं शोषणही घटतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही बी-12 कमी करतं. हातापायाला मुंग्या येत असतील तर बी-12 च्या तपासणीचा विषय डॉक्टरांकडे आठवणीनं काढावा.

"आमचं तर सगळं आयुर्वेदिक आहे"

आतड्याला पॅथी कळत नाही. शंखभस्म म्हणजे मुख्यतः कॅल्शियमच आणि मंडूर किंवा लोहभस्मात लोखंड. पोट साफ व्हावं म्हणून घेतलेलं इसबगोल पाण्यात फुगतं आणि त्या लगद्यात दुसरं औषध अडकू शकतं, म्हणून इतर गोळ्यांपासून ते दोन तास लांब ठेवा.

कमीच नाही, जास्तही होतं

आतड्याच्या भिंतीत काही उलटे पंपही असतात. पावसाचं पाणी घरात शिरावं आणि घरातल्या कुणीतरी ते तांब्यानं बाहेर फेकत राहावं, तसे ते आत शिरलेलं औषध परत नळीत टाकतात. हृदयविकाराच्या डिगॉक्सिनचं तसंच होतं. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन चालू झालं की फेकणारे हात वाढतात आणि डिगॉक्सिन रक्तात कमी पडतं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक दिलं तर तेच हात गळून पडतात आणि डिगॉक्सिन इतकं वाढू शकतं की उलट्या होतात, ठोके बिघडतात. हृदयाचं औषध चालू असताना खोकल्या-तापासाठी दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर ते आधी सांगायचं, ते यासाठी.

भिंतीत दुसराही एक पहारा आहे. तिथली विकरं, म्हणजे रासायनिक तोडफोड करणारे पदार्थ, काही औषधं रक्तात जाण्यापूर्वीच मोडतात. 1989 मध्ये कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते बघत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तातलं औषध कित्येक पटींनी वाढलेलं निघालं. गुन्हा रसाचा होता, त्यानं भिंतीतलं विकर बंद पाडलं होतं. ग्रेपफ्रूट आपल्याकडे क्वचित मिळतं, पण त्याचा पूर्वज पपनस आपल्या परसात असतो आणि तसेच पदार्थ त्यातही आहेत. इथे तासांचं अंतर कामाला येत नाही, कारण बंद पडलेलं विकर एक दिवस उलटला तरी पूर्ववत होत नाही. निफेडिपिन, कोलेस्टेरॉलवरची सिम्वास्टॅटिन, मूत्रपिंड बदलल्यावरची सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांनी पपनस खाण्याआधी विचारावं.

वाढलेलं शोषण कधी हवंही असतं. जंतांची अल्बेंडाझोल शाळेत मुलांना देतात, तेव्हा ती आतड्यातच राहून जंत मारते, रक्तात गेली नाही तरी चालतं. पण टेपवर्म या वेगळ्या जंताच्या अळ्यांच्या गाठी मेंदूत होऊन फिट्स येत असतील, तर औषध रक्तातून मेंदूत पोचायला हवं. तिथे हीच गोळी तूप-तेलाच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगतात, कारण स्निग्ध पदार्थाबरोबर तिचं शोषण कित्येक पटींनी वाढतं.

कंपवाताची लिव्होडोपा आणखी वेगळी. ती आतड्यातून आत जाते त्याच दारातून प्रथिनांचे तुकडेही जातात. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या गेटवर ट्रॅक्टरची रांग लागते, तशी भरपूर डाळ-अंड्याच्या जेवणानंतर तिची गत होते. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास बरी.

"मग सुईच मारा की!"

सुईनं औषध आतड्याला वळसा घालून जातं हे खरं. जिभेखाली ठेवायची छातीदुखीची गोळीही तशीच थेट रक्तात जाते. पण थायरॉईड, लोह, कॅल्शियम वर्षानुवर्षं घ्यायचं असतं. त्यासाठी रोज टोचून घेण्यात गळवाची, जंतूंची, खर्चाची जोखीम आहे, आणि चार तास थांबल्यानं जे साधतं त्यासाठी ती पत्करू नये.

"इतकी वर्षं अशीच घेतोय, काही झालं नाही"

याचं उत्तर जरा जपून वाचा. तुम्ही दहा वर्षं थायरॉईडची गोळी चहाबरोबर घेत असाल आणि रिपोर्ट नॉर्मल असेल, तर डॉक्टरांनी डोस तुमच्या त्या सवयीसकट बसवलेला आहे. हा लेख वाचून उद्यापासून एकदम रिकाम्या पोटी घ्यायला लागलात, तर औषध जास्त शोषलं जाईल. धडधड, घाम, झोप उडणं सुरू होऊ शकतं. सवय बदलायची तर डॉक्टरांना सांगून बदला आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. औषधाचा परिणाम स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.

मावशींनाही मी तेच सांगितलं. त्या डबा घेऊनच डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी गोळी 100 वरून परत 75 वर आणली आणि वेळा बदलल्या. दिवाळीनंतरचा आकडा चारच्या आत होता.

वेळा बसवायच्या कशा, आणि चुकलं तर?

मावशींची आताची व्यवस्था अशी. थायरॉईडची बाटली उशाशी, सहाला उठल्या उठल्या पाण्याबरोबर. चहा सातला. कॅल्शियमची स्ट्रिप ताटांच्या फळीवर, दुपारी जेवण झाल्यावर. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबरच चांगलं शोषलं जातं. लाल गोळी देवघराच्या कोनाड्यात, रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर. गोळ्या तीन जागी गेल्या म्हणून त्या एकत्र तोंडात जात नाहीत.

तुमच्या गोळ्या वेगळ्या असतील, म्हणून ही यादी उचलू नका. घरात चालू आहे ते सगळं एका पिशवीत भरा, गॅसची गोळी, चूर्ण, टॉनिक, ॲसिडिटीचं पातळ औषधसुद्धा, आणि डॉक्टरांना किंवा मेडिकलमधल्या फार्मासिस्टला दाखवा. एकच प्रश्न विचारा: यातल्या कुठल्या दोन एकत्र घ्यायच्या नाहीत? क्षयाचे औषध चालू असेल तर हे नक्की करा. रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी जास्त शोषलं जातं, आणि ॲसिडिटीच्या पातळ औषधानं आयसोनियाझिड कमी पडू शकतं. मळमळ होते म्हणून औषध स्वतः बंद करू नका, मनानं पातळ औषधही पिऊ नका, केंद्रावर सांगा.

औषधाचा काही त्रास झाला असं वाटलं तर तो कळवायला सरकारचा मोफत फोन आहे, 1800-180-3024. तो फक्त डॉक्टरांसाठी नाही, रुग्णानंही करायचा आहे.

आणि एखाद्या दिवशी गडबडीत सगळ्या एकत्र घेतल्या गेल्याच, तर भरपाई म्हणून दुसरी गोळी घेऊ नका. एका दिवसानं थायरॉईड बिघडत नाही, ते औषध शरीरात आठवडाभर रेंगाळतं. प्रतिजैविकाचं किंवा हृदयाच्या औषधाचं तसं झालं तर मात्र दुकानात किंवा दवाखान्यात त्याच दिवशी फोन करा, आणि फोन करताना स्ट्रिप हातात ठेवा.